पॅडल मारा, फोड टाळा!

ऑफिसातून सुटून धावतपळत साडेसातची बॅच गाठायची. लाइट्स डिम, म्युझिक फुल, आणि पुढची ४५ मिनिटं जागच्या जागी सायकल हाणायची... स्पिनिंगची नशाच वेगळी! पण दुसऱ्या दिवशी माऊस हातात घेतला की कळतं, बोटांच्या मुळाशी टम्म फुगलेला पाण्याचा फोड बसलाय. टाचेवर आणखी एक. आणि सीटने जिथे घासलंय ते तर कोणाला सांगायचीही सोय नाही!

माझ्या एका मैत्रिणीने तीन महिन्यांची फी भरली आणि दुसऱ्याच आठवड्यात क्लास सोडला. म्हणाली, 'दम पुरतो गं, कातडी पुरत नाही.' एवढी फी फोडांपायी पाण्यात? मग या फोडांचं मूळच शोधायचं ठरवलं.

गोष्ट सोपी आहे. कातडी हँडलला किंवा बुटाला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढेमागे सरकतं. या ओढाताणीत कातडीच्या आत चीर पडते आणि तिथे पाणी भरतं. ओली कातडी जास्त घासते. रस्त्यावर निदान वारा असतो, बंद खोलीत घाम सुकणार कसा? म्हणून पंख्यासमोरची सायकल पकडाच.

हात : हँडल म्हणजे लोकलचा दांडा नव्हे, लटकू नका! सगळं वजन हातांवर येत असेल तर सायकलचं सेटिंग तपासा. बाजूला उभं राहिल्यावर सीट साधारण कमरेच्या हाडाशी यायला हवी आणि पॅडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पकड सैल ठेवा, हँडलवर नॅपकिन टाका. ग्लोव्ह्ज घ्याल तर मापाचे. ढगळ ग्लोव्ह्ज उलट जास्त घासतात.

पाय : सुती मोजे घाम धरून ठेवतात. त्याऐवजी सिंथेटिक स्पोर्ट्स सॉक्स घाला. चवड्याचा रुंद भाग पॅडलच्या मधोमध हवा आणि पट्टा पाय सरकणार नाही इतपत घट्ट. कोरे बूट थेट क्लासला नकोत, आधी घरात वापरा.

सीट : पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स घ्या आणि तिच्या आत अंडरवेअर घालू नका. होय, खरंच! शिवणीच घासतात. जांघेत थोडी पेट्रोलियम जेली लावा. आणि क्लास संपला की आधी कपडे बदला, कॉफी नंतर.

स्वस्तातली युक्ती : केमिस्टकडे मिळणारी कागदी सर्जिकल टेप. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अनेक दिवस चालणाऱ्या १५५ मैलांच्या शर्यतींतल्या धावपटूंवर ती वापरून पाहिली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी दिसलं. अभ्यास धावणाऱ्यांवरचा असला तरी घासण्याचं गणित तेच. जिथे नेहमी फोड येतो, तिथे कोरड्या कातडीवर एक पट्टी आधीच लावून टाका.

तरीही फोड आलाच तर? सुई घेऊन बसू नका. वरची कातडी हेच त्याचं बँडेज. साबणाने धुवा, झाका, दोन दिवस त्या जागेला आराम द्या. लाली पसरली, पू दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. आणि डायबेटिस असेल तर पायाचा साधा फोडही लगेच दाखवा. पायाची संवेदना कमी असली तर दुखत नाही, आणि जखम चिघळल्यावरच कळतं.

थोडक्यात काय, स्टॅमिनासारखंच कातडीलाही ट्रेनिंग लागतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड जा, रेझिस्टन्स हळूहळू वाढवा. शेजारच्या सायकलवरचा भिडू कितीही सुसाट सुटलेला असो, त्याच्याशी रेस नको. तसाही तो कुठेच पोचणार नाहीये!