यंत्रास कसें विचारावें?

संगणकाशीं सहज भाषेंत संभाषण करतां येईल असें 'चॅटजीपीटी' नांवाचें साधन ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं सर्वांस खुलें झालें. तेव्हांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचीं अशीं यंत्रें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या नित्याच्या वापरांत आलीं आहेत. यंत्रास जी लेखी सूचना द्यावयाची, तिला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. ही सूचना लिहिण्यास मुद्दाम शिकविण्याची काय गरज, असें एखाद्या श्रोत्यास वाटेल. प्रश्न विचारणें कोणास येत नाहीं? परंतु त्या दोन ओळींवरच विद्यार्थ्याची बुद्धि राबणार कीं निजणार, हें ठरत असतें.

याचा पुरावा तुर्कस्थानांतील एका हायस्कुलांत झालेल्या प्रयोगानें दिला आहे. तो २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. गणिताचा सराव करणाऱ्या सुमारें एक हजार विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यांत आले. पहिल्या गटास यंत्र दिलें नाहीं. दुसऱ्यास साधें यंत्र दिलें. तिसऱ्यास यंत्र तेंच, पण 'तयार उत्तर देऊं नये, केवळ इशारे द्यावेत' अशी सूचना त्यास आधींच केलेली. सरावांत दुसऱ्या गटाचे गुण पहिल्यापेक्षां शेंकडा ४८, तर तिसऱ्याचे शेंकडा १२७ अधिक भरले. पुढें यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हां दुसरा गट पहिल्याच्या शेंकडा १७ मागें पडला. तिसऱ्या गटाची ही पीछेहाट टळली. मात्र तो पहिल्याच्या पुढेंही गेला नाहीं.

विद्यापीठीय शिक्षणांतील याहून आशादायक उदाहरण अमेरिकेंतील हार्वर्ड येथील आहे. तेथें २०२३ सालीं पदार्थविज्ञानाच्या १९४ विद्यार्थ्यांनीं एक धडा वर्गांत आणि एक यंत्राच्या साहाय्यानें अभ्यासला. यंत्रासह अभ्यासलेल्या धड्यांत कमी वेळांत अधिक प्रगति दिसली. त्या यंत्रास शिक्षकांनीं बजावून ठेविलें होतें कीं, एका वेळीं एकच पायरी सांगावी आणि विद्यार्थ्यास आधीं स्वतः प्रयत्न करूं द्यावा. शिवाय उदाहरणांची बिनचूक रीतही त्यास आगाऊ पुरविली होती.

हीच युक्ति प्रत्येक विद्यार्थ्यास साधण्यासारखी आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी घ्या. 'मागणीची लवचिकता म्हणजे काय, तें सविस्तर लिही,' असें त्यानें फर्माविलें, तर दोन पानांचा निबंध हातीं पडेल आणि तो उतरून घेण्यापलीकडे काम उरणार नाहीं. त्याऐवजीं त्यानें असें लिहावें: 'मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षांत आहें. किंमत वाढली कीं मागणी घटते, यासच लवचिकता म्हणतात, अशी माझी समजूत आहे. ती चुकत असल्यास उत्तर सांगूं नकोस. एका वेळीं एकच प्रश्न विचारून चूक माझ्या लक्षांत आणून दे.' मग यंत्र असा कांहीं प्रश्न विचारील: 'मिठाची आणि सिनेमाच्या तिकिटाची किंमत सारख्याच प्रमाणांत वाढली, तर दोहोंची मागणी सारखीच घटेल काय?' मीठ कोणी सोडीत नाहीं, सिनेमा मात्र टाळतां येतो, हें विद्यार्थ्याचें त्यालाच उमगेल. आणि मागणींतील घटीचें किंमतवाढीशीं असलेलें प्रमाण म्हणजे लवचिकता, येथवर तो स्वतः पोंचेल. शेवटीं एक नवें उदाहरण मागून घ्यावें आणि यंत्र बंद करून तें कागदावर सोडवावें.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. हें यंत्र अफाट मजकुराच्या आधारें, पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव आहे याचा अदमास घेत वाक्य रचतें. त्यामुळें खरें आणि खोटें तें सारख्याच सफाईनें सांगतें. अस्तित्वांत नसलेल्या ग्रंथाचें नांवही कधीं कधीं ठोकून देतें. म्हणून क्रमिक पुस्तकांतील उतारा सूचनेस जोडावा, त्याच्याच आधारें प्रश्न विचारण्यास सांगावें, आणि उत्तरांत आलेला ग्रंथ किंवा आंकडा ग्रंथालयांत ताडून पाहावा.

प्राध्यापकांनाही यांत आपली रीत बदलावी लागेल. केवळ निबंध पाहून गुण मिळत राहिले, तर तयार उत्तराचा मोह कोण आवरील? निबंधासोबत यंत्राशीं झालेलें संभाषणही मागवावें, त्यांतील सूचना वर्गांत वाचून त्यांचे गुणदोष दाखवावे, आणि मग पांच मिनिटें तोंडीं परीक्षा घ्यावी. त्या पांच मिनिटांत यंत्र जवळ नसतें. विद्यार्थ्यास स्वतःचें असें काय आलें आहे, तें तेव्हां कळून येतें.