दुसऱ्या घरी येणारा फेरेट : बहुप्राणी कुटुंबातील प्रवेशाचा विचार

प्रस्तावना

पाळीव प्राण्यांविषयीचे मराठी लेखन बहुधा कुत्रा, मांजर आणि पोपट यांच्यापुरते मर्यादित राहते. अमेरिका व ब्रिटनमध्ये मात्र फेरेट हा लहानसा मांसाहारी प्राणीही अनेक घरांत पाळला जातो. प्रथमदर्शनी तो मुंगसाची आठवण करून देतो. तथापि मुंगसाशी त्याचे जवळचे नाते नाही. पाणमांजर ज्या मस्टेलिडी कुळात मोडते, त्याच कुळातील हा प्राणी असून युरोपीय पोलकॅटपासून तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी माणसाळविला गेला. त्याचे वजन साधारणतः अर्धा ते दोन किलो आणि आयुष्य सहा ते आठ वर्षांचे असते.

अंगाचा उग्र वास, चावण्याची सवय, घरबदल किंवा उपचारांचा खर्च या कारणांनी पहिला मालक फेरेट सोडून देतो आणि तो प्राण्यांच्या आश्रयगृहात येतो. ब्रिटनमध्ये सशांच्या शिकारीला नेलेला फेरेट हरवून तेथे पोहोचतो, असेही घडते. असा प्राणी दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या घरात पुष्कळदा आधीच कुत्रा, मांजर वा ससा असतो. दत्तक घेणाऱ्याच्या मनात नव्या प्राण्याविषयी करुणा असते. परंतु तिची किंमत जुन्या प्राण्यांना द्यावी लागू नये, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच परामर्श घेतला आहे.

शिकारीचा वारसा

ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने स्पेनमधील सशांच्या उपद्रवाविषयी लिहिताना, उत्तर आफ्रिकेतून आणलेल्या व तोंडाला मुसके बांधून सशांच्या बिळात सोडल्या जाणाऱ्या एका प्राण्याचे वर्णन केले आहे. ते फेरेटचेच मानले जाते. एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमध्येही सशांच्या बंदोबस्तासाठी फेरेट नेण्यात आले. तेथे त्यांनी जमिनीवर वावरणाऱ्या स्थानिक पक्ष्यांवर ताव मारला आणि अखेर २००२ साली त्या देशाने फेरेटच्या विक्रीवर व पैदाशीवर बंदी घातली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया व हवाई या राज्यांत तो पाळण्यासच मनाई आहे.

ज्या प्राण्याला शतकानुशतके सशाच्या बिळात शिरण्यासाठीच वाढविले, त्याच्याकडून दिवाणखान्यातील सशाशी मैत्रीची अपेक्षा करणे भाबडेपणाचे होय. ससा, गिनीपिग, हॅमस्टर आणि पक्षी यांच्याबाबत 'हळूहळू सवय होईल' या भरवशाला अर्थ नाही. फेरेट अरुंद फटीतून सहज निसटतो व भक्ष्याची मान पकडतो. हे सारे काही क्षणांत उरकते. शिवाय केवळ त्याचा वासही सशाला भयभीत ठेवतो. म्हणून असे प्राणी स्वतंत्र खोलीत, बंद दारापलीकडे ठेवणे अपरिहार्य ठरते.

मांजर व कुत्रा यांची गोष्ट निराळी. मांजराला उंचावर उडी मारून सुटका करून घेता येते. त्यामुळे आरंभीच्या फिसकारण्यानंतर पुष्कळदा दोघांत समझोता होतो. कुत्र्याच्या बाबतीत त्याची जात पाहावी लागते. बिळातील प्राणी मारण्यासाठीच तयार केलेल्या टेरियर जातींच्या कुत्र्यांना फेरेट हे भक्ष्यच वाटण्याचा संभव असतो. खेळात रंगलेला फेरेट पाठीची कमान करून आडवातिडवा उड्या मारतो आणि कुत्र्याच्या पायांना चावे घेतो. त्याच्या लेखी हे खेळाचे निमंत्रण असते. कुत्रा त्याचा अर्थ हल्ला असा लावू शकतो. म्हणून आधी परस्परांची अंथरुणे बदलून वासाची ओळख करून द्यावी, नंतर कुत्र्याला साखळीत ठेवून अल्पकाळ भेट घडवावी आणि माणूस घरी नसताना त्यांना एकत्र मुळीच सोडू नये.

त्या एका प्राण्याचा पूर्वेतिहास

आश्रयगृहातील फेरेटवर 'चावरा' असा शिक्का पुष्कळदा बसलेला असतो. त्यामागे मारहाणीचे भय असू शकते. कधी कारण अगदीच वेगळे निघते. कपाळावर पांढरा पट्टा असलेले किंवा संपूर्ण डोके पांढरे असलेले फेरेट अनेकदा जन्मतः बहिरे असतात. झोपेत अचानक स्पर्श झाला की ते दचकून चावतात. मालकाला तो प्राणी दुष्ट वाटतो. वास्तविक त्याला कोणी आल्याचे कळलेलेच नसते. घरातील कुत्र्याचे गुरगुरणेही त्याला ऐकू येत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरी बाब आरोग्याची. अमेरिकेत फेरेटची पिल्ले सुमारे सहा आठवड्यांची असतानाच निर्बीजीकरण करून विकण्याची पद्धत रूढ आहे. जननग्रंथी काढल्याने पीयूषिका ग्रंथीवरील नियंत्रण सुटते, तिची संप्रेरके अधिवृक्क ग्रंथीला सतत उत्तेजित करतात आणि कालांतराने तेथे गाठ होते. शेपटीपासून केस गळू लागतात. नरात प्रोस्टेट ग्रंथी सुजून लघवी अडते. नेदरलँड्समधील २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात निर्बीजीकरणाचे वय व रोग दिसण्याचे वय यांत परस्परसंबंध आढळला. हा रोग बहुधा तीन-चार वर्षांच्या वयापासून दिसू लागतो. पहिल्या मालकाचा उत्साह ओसरण्याचा काळही हाच! साहजिकच रोगाचा खर्च पुष्कळदा दुसऱ्या घराच्या वाट्याला येतो.

आहाराचेही तसेच. फेरेट लहानपणी ओळखलेल्या वासाचेच अन्न स्वीकारतो आणि त्याच्या आखूड आतड्यातून अन्न तीन-चार तासांत पुढे सरकते. त्यामुळे नव्या घरात उपासमार लवकर होते. स्वादुपिंडात गाठ असल्यास, जी मध्यम वयात वारंवार आढळते, असा उपवास जिवावर बेतू शकतो. जुने खाद्य सोबत मागून घेणे म्हणूनच आवश्यक असते.

संसर्गाचा धोका

कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग फेरेटला जवळजवळ नेहमीच मारक ठरतो. या संवेदनशीलतेमुळेच १९२०च्या दशकात लंडनमध्ये डिस्टेंपरच्या संशोधनासाठी फेरेट वापरले गेले आणि १९३३ साली विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांनी मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू फेरेटमध्येच प्रथम सिद्ध केला. पुढे एका फेरेटच्या शिंकेतून संशोधकालाच फ्लू झाल्याची नोंद १९३६ची आहे. सर्दीतापाने आजारी माणसाने फेरेटपासून दूर राहावे, हा सल्ला म्हणूनच अतिशयोक्तीचा नाही. कुत्र्यासाठी तयार केलेली डिस्टेंपरची जिवंत लस मात्र पशुवैद्याच्या निर्णयावाचून फेरेटला देऊ नये. काही प्रकारच्या लसींमुळे रोगच उद्भवू शकतो.

घरात आधीचा म्हातारा फेरेट असल्यास अधिक सावधगिरी हवी. १९९३च्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व भागात कोरोनाविषाणूजन्य अतिसाराची एक साथ प्रथम ओळखली गेली. त्या रोगात तरुण फेरेट वरकरणी निरोगी राहून विषाणू पसरवितो, आणि तीव्र जुलाबांनी खंगतो तो वृद्ध. नवागताला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे आणि त्याला हाताळल्यावर हात धुऊनच जुन्याकडे जावे. त्यानंतरच्या भेटीत दोघे एकमेकांची मानगूट धरून फरफटवतील. ती वर्चस्वाची नेहमीची रीत होय. सततची किंकाळी किंवा रक्त दिसल्यास मात्र त्यांना वेगळे करावे.

काही जोड्या महिनोन्महिने जमत नाहीत, काही कधीच जमत नाहीत. अशा वेळी दोघांना दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोकळे सोडणारी घरे आहेत, आणि दिवसातील चौदा-पंधरा तास झोपणाऱ्या या प्राण्याच्या बाबतीत ते साधतेही. ज्या घरात ससा आहे पण दुसरी खोली नाही, त्या घराला फेरेट नाकारणे हे आश्रयगृहाचे कर्तव्यच ठरते. कारण तेथून परत आलेला फेरेट वयाने वाढलेला, 'चावरा' म्हणून दोनदा नोंदला गेलेला असतो, आणि त्याला तिसरे घर मिळणे आणखी कठीण होते.