उलाळ गाडी आणि खालची कवळी

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या पंगतीत म्हातारी माणसे नीट पाहावीत. भाकरी मोडण्याआधी काहीजण हळूच तोंड फिरवतात, खालची कवळी काढतात आणि रुमालात बांधतात. वरची तोंडातच राहते. माझे वडीलही हेच करीत. खाण्यासाठी केलेली वस्तू खाताना का काढावी लागते, या प्रश्नाने मी, दंतवैद्यकाशी काडीचा संबंध नसताना, या विषयात शिरलो.

वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालचीच्या वाट्याला नालेच्या आकाराची अरुंद पट्टी आणि वर जिभेचे धक्के. एका जबड्यातल्या नैसर्गिक दातांच्या मुळांना सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर आधार असतो. वरच्या कवळीला तो २३, खालच्या कवळीला जेमतेम १२. त्यातही हाड झिजत जाते. टॉलग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या, २५ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या चौपट आढळली.

यावर उपाय सापडला तो स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना. टायटॅनियमशी हाड एकजीव होते हे त्यांनी ओळखले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णावर ते वापरले. पुढे २००२ साली मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय असावा, असे मत दिले.

दोनच का पुरतात, आणि कुठे कमी पडतात? त्यासाठी कारखान्याकडे निघालेली उसाची बैलगाडी आठवावी. आसाच्या मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. हनुवटीजवळचे दोन इम्प्लांट जोडणारी रेषा म्हणजे हा आस. दाढेखाली भाकरी आली की कवळीची मागची बाजू हिरडीत दबते आणि पुढची उचलू पाहते. पुढच्या दातांनी ऊस सोलायला गेलो, तर उलटे होते. गाडी धुरजड होते. आणि दाढ जबड्याच्या सांध्याजवळ असल्याने तिथला दाबही मोठा. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळच धरतात ना, तसेच.

म्हणून इम्प्लांट आणि कवळी यांच्यामध्ये नायलॉनची किंवा रबराची कडी ठेवतात. ती कवळीला थोडे हलू देते. हे हलणे पूर्ण बंद केले, तर तोच ताण स्क्रूवर आणि हाडावर जाईल. नैसर्गिक दाताभोवती तंतूंची पातळ गादी असते. भातातला खडा तिलाच आधी कळतो. इम्प्लांटला ती नाही. त्यामुळे जोर किती लावला, याचा अंदाज माणसाला कमीच येतो.

वडिलांनी अखेर दोन इम्प्लांट बसवून घेतले. वर्षभरात कवळी पुन्हा डुगडुगू लागली, तेव्हा ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणून ते चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. तपासणीत इम्प्लांट शाबूत निघाले. झिजल्या होत्या फक्त कड्या. त्या बदलायला फार वेळ लागला नाही. आता ऊस घरी आला की आई त्याचे करवे करून देते, आणि वडील ते दोन्हीकडच्या दाढांनी, आलटून-पालटून चघळतात.