टीव्ही, बॉक्स आणि चित्राचा खरा आकार

टीव्हीच्या पडद्याचा आकार आणि केबलच्या बॉक्समधून येणाऱ्या चित्राचा आकार जुळला नाही, की काहीही बिघडलेले नसताना चित्र बिघडलेले दिसते. माणसे बसकी होतात, बातमीची पट्टी अर्धी कापली जाते, नाहीतर चारही बाजूंनी काळी चौकट येऊन मोठ्या पडद्याच्या मधोमध लहानसे चित्र उरते. यातले बहुतेक प्रश्न रिमोट हातात घेऊन घरीच सुटतात. मात्र चूक टीव्हीची, बॉक्सची की वायरची, हे आधी ओळखावे लागते.

दूरदर्शनच्या जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ होता, म्हणजे चार वीत रुंद तर तीन वीत उंच. हे माप सिनेमाच्या फिल्मवरून आले. कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. त्या काळच्या चित्रपटांची चौकट साधारण याच प्रमाणातली असे. आजचा सपाट टीव्ही १६:९ आहे. त्याच्यावर जुना चित्रपट खऱ्या आकारात लावला तर डावी-उजवीकडे पडद्याचा प्रत्येकी एक अष्टमांश भाग काळा राहणारच. सिनेमास्कोपसारख्या रुंद चित्रपटाला काळ्या पट्ट्या वर-खाली येतात. या पट्ट्या हा दोष नव्हे. दिग्दर्शकाने, कॅमेरामनने जशी चौकट बांधली तशीच ती घरात पोचल्याची ती खूण आहे. पडदा भरून दिसावा म्हणून तेच चित्र ताणले, तर रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि उंची तेवढीच राहते. दोष असतो तो इथे.

ताणलेले चित्र ओळखायला गोल वस्तू शोधावी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा पाटाकडील आणि दिलबहार तालमींचा फुटबॉल सामना टीव्हीवर चालू असेल, तर मैदानाच्या मध्यवर्तुळावर विसंबू नये, कारण कॅमेऱ्याच्या कोनामुळे ते तसेही लांबट दिसते. चेंडूकडे पाहावे. तो कुठूनही गोलच दिसायला हवा. लांबून तो फार बारीक वाटला, तर स्टुडिओतले गोल घड्याळ किंवा चॅनेलचा गोल लोगो पट्टीने आडवा-उभा मोजावा. आडवे माप चार आणि उभे तीन भरले, तर ४:३ चे चित्र १६:९ मध्ये ओढलेले आहे.

हे घडते, कारण आकार ठरवण्याचे काम दोघांच्या हाती असते. टीव्हीच्या मेनूत ‘पिक्चर साइज’ किंवा ‘आस्पेक्ट रेशो’ असतो आणि बॉक्सच्या सेटिंगमध्येही तसाच पर्याय असतो. बॉक्सने चित्राला बाजूच्या पट्ट्या जोडल्या आणि टीव्हीने त्या पट्ट्यांसकट चित्र झूम केले, तर डोकी कापली जातात. बॉक्स ४:३ वर ठेवलेला असेल, तर रुंद चित्राला तो वर-खाली पट्ट्या जोडतो आणि टीव्ही पुन्हा बाजूंना. मग चारही बाजूंना काळे येते. शिवाय साध्या एसडी प्रसारणात ७२० बाय ५७६ एवढ्याच ठिपक्यांत दोन्ही आकारांची चित्रे भरलेली असतात. कोणता आकार आहे हे सांगणारी खूण प्रसारणातच चुकली किंवा वाटेत गळाली, की टीव्ही अंदाज बांधतो.

म्हणून आधी बॉक्सच्या मेनूत टीव्हीचा प्रकार १६:९ करावा, तिथे ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’ असेल तर तो पर्याय निवडावा, आणि टीव्हीही १६:९ वर ठेवून झूम बंद करावा. इतके करूनही एखादेच चॅनेल ताणलेले दिसले, तर ते तिकडूनच तसे येत आहे. त्याच्यासाठी बाकीची सेटिंग बिघडवू नये.

कडा कापल्या जाणे हा वेगळा प्रश्न आहे आणि कोल्हापुरात तो नुसत्या सौंदर्याचा नाही. पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी स्थानिक चॅनेलच्या खालच्या पट्टीवर फिरत असते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या नदीकाठच्या घराला तो आकडा पूर्ण दिसलाच पाहिजे. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राची कड चौकटीआड लपवण्याची पद्धत होती. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट टीव्हीला तिची गरज नाही, तरी अनेक टीव्ही सवयीने चित्र थोडे मोठे करून कड कापतात. एलजीच्या टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’, सोनीच्या टीव्हीत ‘फुल पिक्सेल’ अशा नावांचा पर्याय निवडला की पट्टी पूर्ण दिसते. इतर कंपन्यांची नावे वेगळी असली, तरी पर्याय ‘पिक्चर साइज’च्याच आसपास सापडतो.

आता जोडणीकडे. केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनमध्ये पुणे-सोलापूर दुसऱ्या टप्प्यात होते, तर कोल्हापूर तिसऱ्या. या टप्प्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती, पण न्यायालयीन वादांमुळे ती ३१ जानेवारी २०१७ पर्यंत लांबली. तेव्हा घरोघरी आलेल्या साध्या बॉक्सना पिवळी, लाल, पांढरी अशी तीन पिनांची वायर असते. पिवळीतून चित्र जाते आणि उरलेल्या दोन्हींतून आवाज. या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. एचडी बॉक्स घेऊनही जुनीच वायर ठेवली, तर पैसे एचडीचे आणि चित्र एसडीचे. एचडीएमआय वायर एकच असते आणि चित्र-आवाज दोन्ही नेते.

पुष्कळ टीव्हींना मागे पिवळे भोक वेगळे नसते, हिरव्यातच पिवळी पिन घालायची असते. अशा वेळी रिमोटवर ‘सोर्स’ दाबून ‘एव्ही’ निवडावे. चुकून ‘कंपोनंट’ निवडले, तर आवाज नीट येतो आणि चित्र मात्र कृष्णधवल दिसते. रंग गेले म्हणून टीव्ही दुकानात नेण्याआधी हे जरूर पाहावे.

पडदा रिकामा असेल, तर त्यावरचा संदेश कोणी लिहिला आहे हे बघावे. टीव्हीचा स्वतःचा ‘नो सिग्नल’ म्हणजे बॉक्सकडून काहीच येत नाही. सोर्स चुकला आहे, वायर सैल आहे किंवा बॉक्स बंद आहे. केबल कंपनीच्या नावाखाली एखादा एरर क्रमांक आला, तर बॉक्स आणि टीव्हीमधली जोडणी उत्तम आहे आणि दोष मागच्या केबलमध्ये किंवा रिचार्जमध्ये आहे. एचडीएमआय लावूनही काळोख असेल, तर दोन्ही उपकरणे भिंतीवरच्या बटणापासून बंद करावीत, वायर काढून पुन्हा घट्ट बसवावी, आधी टीव्ही आणि मग बॉक्स सुरू करावा. चोरीची नक्कल रोखण्यासाठी दोघांमध्ये जी सांकेतिक ओळख पटवली जाते, ती मधेच अडकली असेल तर नव्याने पटते. ‘नॉट सपोर्टेड’ असा संदेश आला, तर बॉक्स टीव्हीला न पेलणारे रिझोल्यूशन पाठवत आहे. तात्पुरती पिवळी वायर लावून बॉक्सच्या मेनूत ७२०पी निवडावे.

पूर्वी केबल थेट टीव्हीला होती तेव्हा सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण कार्यक्रम समजायचा. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम चौकोन-चौकोन होऊन फुटते. याचे मूळ बहुधा गोल काळ्या वायरीच्या जॉइंटात असते. गॅलरीतल्या उघड्या जॉइंटात चार महिन्यांचे पावसाचे पाणी जाते, मधली तांब्याची तार हिरवी पडते. दुसऱ्या खोलीसाठी बसवलेला दोन तोंडांचा स्प्लिटर सिग्नलची ताकद निम्म्याहून खाली आणतो. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचा आकडा असतो. स्प्लिटर काढून वायर थेट लावल्यावर तो वाढला, तर दोष कळला. गंजलेला जॉइंट कापून नवी पिन केबलवाल्याकडूनच बसवून घ्यावी आणि तक्रार देताना बॉक्सवरचा क्रमांक आणि पडद्यावरचा एरर क्रमांक दोन्ही सांगावेत. पुराच्या पाण्यात भिजलेला बॉक्स मात्र वरून सुकला तरी प्लग लावून तपासू नये. तो तसाच केबलवाल्याच्या हवाली करावा.