एका पौंडाची आगबोट

सोमवार, १६ जून १९४७. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या मुखाशी क्रेगेन्डोरन नावाचा रेल्वेचा धक्का होता. गाडीतून उतरायचं, चार पावलं चालायचं आणि बोटीत चढायचं, अशी तिथली सोय. त्या दिवशी या धक्क्यावरून ‘वेव्हर्ली’ ही कोरी करकरीत आगबोट पहिल्या फेरीला निघाली आणि लॉख गॉइल व लॉख लाँग या दोन खाड्यांत जाऊन आली. गुरुवार, १६ जून २०२२ रोजी तीच बोट त्याच इंजिनावर त्याच खाड्यांच्या दिशेने गेली. मधल्या पंच्याहत्तर वर्षांत तिला बांधणारी गोदी मोडली, इंजिन घडवणारा कारखाना बंद झाला, ज्या रेल्वे कंपनीसाठी ती बांधली ती कंपनी गेली आणि ज्या धक्क्यावरून ती निघाली तो धक्काही १९७२ मध्ये बंद पडला. बोट तेवढी शिल्लक राहिली. समुद्रावर प्रवासी नेणारी, वल्ह्यांच्या चाकांवर चालणारी ही जगातली शेवटची आगबोट.

वाढदिवस करायचा म्हणजे धक्क्याला बांधून पताका लावायच्या, भाषणं करायची आणि चहा-बिस्किटं वाटायची, अशीच पद्धत बहुतेक जुन्या यंत्रांच्या नशिबी येते. वेव्हर्लीच्या लोकांनी तिचा वाढदिवस तिला कामाला लावून केला. तिकिटं विकली, माणसं भरली आणि बोट नेली. या बोटीचं सगळं चरित्र या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं.

आज तिचा मुक्काम ग्लासगो शहरात, सायन्स सेंटरच्या बाजूच्या धक्क्यावर असतो. तिथून निघून ती नदीतून खाली जाऊ लागली की थोड्याच वेळात उजव्या हाताला वाकड्यातिकड्या छपराचं एक मोठं संग्रहालय दिसतं. हे रिव्हरसाइड म्युझियम. झाहा हदीद या वास्तुविशारद बाईंनी त्याचा आराखडा केला आणि २०११ मध्ये ते उघडलं. केल्विन नावाची छोटी नदी इथे क्लाइडला मिळते. या जागेचं नाव पॉइंटहाउस आणि इथेच ए. अँड जे. इंग्लिस यांची गोदी होती. २ ऑक्टोबर १९४६ रोजी वेव्हर्ली इथूनच पाण्यात उतरली. गोदी १९६२ मध्ये बंद झाली. शहराची वाहनं, आगगाड्या आणि जहाजांचे नमुने आता त्या जागी काचेआड ठेवले आहेत. त्यांच्यासमोरून ही बोट माणसं भरून, धूर सोडत जाते. आपल्या जन्मस्थानी झालेल्या संग्रहालयाला वळसा घालून रोज कामावर जाणारं दुसरं जहाज मला तरी ठाऊक नाही.

पुढची नदी म्हणजे उद्योगाचा जुना नकाशा. डाव्या हाताला गोव्हन, तिथे अजून युद्धनौका बांधतात. मग उजवीकडे क्लाइडबँक. जॉन ब्राऊनच्या ज्या गोदीत ‘क्वीन मेरी’ बांधली, ती गोदी गेली. १९०७ सालची टायटन ही अजस्र क्रेन मात्र एकटीच उभी आहे. अर्स्किनचा उंच पूल डोक्यावरून गेला की डंबार्टनचा खडक आणि त्यावरचा किल्ला दिसतो. त्याच गावात ‘कटी सार्क’ बांधली गेली. नदी रुंदावत जाते आणि डाव्या काठाला पोर्ट ग्लासगो व ग्रीनॉक येतात. १८१२ मध्ये हेन्री बेल यांनी ‘कॉमेट’ ही आगबोट ग्लासगो ते ग्रीनॉक आणि हेलन्सबरा अशी सुरू केली, ती याच पाण्यावर. युरोपात आगबोटीने प्रवासी नेण्याचा धंदा चालू शकतो हे त्या बोटीने पहिल्यांदा दाखवलं. तेव्हापासून दीडशे वर्षं क्लाइडवर अशा बोटींची रांग लागलेली असे. जुलैत ग्लासगोचे कारखाने सुट्टीसाठी बंद पडले की अख्खी कुटुंबं पेट्या-वळकट्या घेऊन नदीने खाली रॉथसेला, डनूनला जात. कामगारांच्या उन्हाळी सुट्टीचा तो ठरलेला मार्ग होता.

आता बोट जवळून बघू. लांबी जवळपास २४० फूट. पोटाची रुंदी तीस फूट, पण दोन्ही बाजूंना चाकांच्या पेट्या बाहेर आलेल्या असल्यामुळे तिथे ती सत्तावन्न फुटांवर जाते. पेट्यांवर सोनेरी अक्षरांत नाव. दोन तिरकी धुराडी, त्यांना लाल, पांढरा आणि काळा रंग. हे रंग लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे. त्या कंपनीच्या स्कॉटिश बोटींना सर वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबऱ्यांतून नावं देण्याची जुनी रीत होती. ‘वेव्हर्ली’ हे त्यांच्या १८१४ च्या कादंबरीचं नाव, आणि याच नावाची १८९९ सालची आधीची बोट २९ मे १९४० रोजी डंकर्कहून सैनिकांना घेऊन येताना विमानहल्ल्यात बुडाली. तिच्यावर शेकडो माणसं होती आणि त्यातली बरीच गेली. नव्या बोटीने तिचं नाव घेतलं.

चाकांकडे नीट बघण्यासारखं आहे. प्रत्येक चाकाला आठ फळ्या. या फळ्या चाकाला घट्ट ठोकलेल्या नसतात, बिजागरीसारख्या हलत्या असतात. प्रत्येक फळीला एक दांडा आणि हे सगळे दांडे एका कड्याला जोडलेले. हे कडं चाकाच्या मध्यापासून थोडं बाजूला बसवलेलं असतं. त्यामुळे चाक फिरताना फळ्या आपोआप वळत राहतात आणि पाण्यात शिरताना व बाहेर पडताना जवळजवळ उभ्या असतात. फळी आडवी पडली तर ती पाण्यावर नुसती थप्पड मारते आणि ताकद वाया जाते. उभी शिरली तर पाणी मागे ढकलते. दोन्ही चाकं मात्र एकाच आसावर आहेत. एक पुढे आणि दुसरं मागे, असं फिरवून बोट जागच्या जागी वळवता येत नाही. वाऱ्यात धक्क्याला लागायचं तर सगळी भिस्त सुकाणूवर, दोरखंडांवर आणि कप्तानाच्या अंदाजावर. क्लाइडच्या धक्क्यांवर बोट लागताना उतारू कठड्याला गर्दी करून बघत राहतात, ते उगाच नाही.

पण या बोटीचा खरा ऐवज आत आहे, मुख्य डेकच्या मधोमध. इतर जहाजांत इंजिन पोलादी दाराआड लपवलेलं असतं आणि दारावर ‘प्रवेश बंद’ची पाटी असते. इथे इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी उतारूंची वाट जाते आणि कठड्यावर कोपरं टेकून कुणीही खाली बघू शकतो. तिरकं बसवलेलं तीन सिलिंडरचं इंजिन. ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोर यांनी केलेलं. बोट पाण्यात उतरल्यावर हे बसवण्यासाठी तिला ग्रीनॉकला ओढत न्यावं लागलं. युद्ध नुकतंच संपलेलं, सामानाची टंचाई, त्यामुळे पाण्यात उतरण्यापासून पहिल्या फेरीपर्यंत आठ महिने गेले.

बॉयलरमधली वाफ आधी २४ इंच व्यासाच्या सिलिंडरात जाते. तिथे तिचा जोर थोडा उतरतो, म्हणून पुढचं सिलिंडर मोठं, ३९ इंचांचं. तिथून ती ६२ इंचांच्या तिसऱ्या सिलिंडरात जाते आणि उरलासुरला जोर तिथे देते. मग थंड होऊन तिचं पाणी होतं आणि ते परत बॉयलरकडे जातं. प्रत्येक दट्ट्याची धाव साडेपाच फुटांची. माणसाच्या उंचीएवढ्या तीन पोलादी भुजा पाठोपाठ पुढे येतात आणि मागे जातात, मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस वेळा. सगळं चकचकीत पुसलेलं, तेलाने ओलं. वरून तारयंत्राची घंटा वाजते, काटा सरकतो, इंजिनिअर लिव्हर ओढतो, भुजा मंदावतात, थांबतात आणि उलट्या फिरू लागतात. कप्तानाला काय हवं आहे ते वर डेकवरच्या उतारूला कळायच्या आत इथे उभ्या असलेल्या पोराला कळतं. मी तर म्हणेन, वाफेचं इंजिन शिकवायला इतका चांगला वर्ग कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात नसेल.

क्लाइडवर एक जुनी थट्टा आहे. घरचा पुरुष बायकोला ‘जरा इंजिन बघून येतो’ म्हणून खाली जाई आणि परत येई तेव्हा तोंडाला व्हिस्कीचा वास असे. बार आणि इंजिन दोन्ही खालीच. थट्टा आजही चालते, फक्त आता बायकाही इंजिन बघायला जातात.

१९५० च्या दशकात दिवस पालटले. १९५४ पासून क्लाइडवर मोटारी नेणाऱ्या फेऱ्या सुरू झाल्या. लोकांकडे मोटारी आल्या, स्पेनला स्वस्तात उडत जाता येऊ लागलं, मग रॉथसेच्या ढगाळ किनाऱ्याला कोण जाणार? एकेक चाकाची बोट निघत गेली. १९७० पर्यंत क्लाइडवर वेव्हर्ली एकटी उरली आणि १९७३ चा हंगाम संपल्यावर तिलाही काढण्यात आलं.

तेव्हा सरकारी बोटकंपनी कॅलेडोनियन मॅकब्रेनने तिला भंगारात न देता पॅडल स्टीमर प्रिझर्व्हेशन सोसायटी या हौशी लोकांच्या संस्थेला विकलं. ऑगस्ट १९७४ मध्ये. किंमत एक पौंड. ही बोट पुन्हा चालेल असं तेव्हा फार थोड्यांना वाटत होतं. कुठेतरी बांधून ठेवतील, लोक बघायला येतील, एवढीच अपेक्षा. सोसायटीने लोकांकडून वर्गणी काढली, रंगकाम आणि डागडुजीला स्वयंसेवक आले आणि मे १९७५ मध्ये वेव्हर्ली उतारू घेऊन निघाली.

तिला चालती ठेवण्याचा हा निर्णय किती मोठा होता हे तिच्या सोबतिणींकडे बघून कळतं. १९३४ सालची ‘कॅलेडोनिया’ लंडनला थेम्सवर मद्यालय म्हणून बांधून ठेवली होती. १९८० मध्ये आग लागून ती संपली. ‘मेड ऑफ द लॉख’ तर वेव्हर्लीची सख्खी धाकटी बहीण, गोदी तीच आणि इंजिनाचा कारखानाही तोच. १९५३ ची ही बोट १९८१ मध्ये लॉख लोमंडच्या काठी थांबली. तिला पुन्हा चालवण्यासाठी भले लोक अनेक वर्षं खपत आहेत. थांबलेलं जहाज पुन्हा चालू करणं हे चालतं जहाज चालू ठेवण्यापेक्षा कितीतरी अवघड आणि महाग. उतारू घेणाऱ्या बोटीला सुरक्षेची तपासणी चुकत नाही, म्हणून दुरुस्तीही चुकत नाही. बांधून ठेवलेल्या बोटीचा तळ गंजतो आणि ते कुणाला दिसत नाही.

अर्थात चालवण्याची किंमत मोजावी लागतेच. जुलै १९७७ मध्ये वेव्हर्ली डनूनजवळच्या गँटॉक्स खडकांवर चढली आणि जेमतेम वाचली. १९९९ ते २००३ या काळात लॉटरी निधीच्या मदतीने तिची दोन टप्प्यांत मोठी पुनर्बांधणी झाली, तेव्हा बॉयलर नवे आले आणि सगळं रूप पुन्हा १९४७ सारखं केलं. तेही बॉयलर थकले आणि २०१९ चा अख्खा हंगाम बुडाला. तेवीस लाख पौंड हवे होते. लोकांनी दिले, स्कॉटलंडच्या सरकारने दहा लाखांचा वाटा उचलला. धुराडी उतरवून, डेक उघडून नवे बॉयलर आत सोडले आणि २०२० मध्ये, ऐन महामारीत, बोट परत आली. परतल्यावर काही आठवड्यांतच अ‍ॅरन बेटावरच्या ब्रॉडिकच्या धक्क्यावर ती आदळली आणि अनेक जण जखमी झाले. इंजिनाचा कारखानाच उरला नसल्यामुळे लागेल तो भाग मुद्दाम घडवून घ्यावा लागतो. हे सगळं तिकिटं, देणग्या आणि हट्ट यांवर चालतं.

मराठी वाचकाला १९४७ चे ते दिवस दुसऱ्याच बोटीमुळे ठाऊक आहेत. वेव्हर्लीच्या पहिल्या फेरीला महिना झाला आणि १७ जुलैला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आपल्याकडे कोकणच्या बोटींचा विषय निघाला की असं काहीतरी आठवतं, नाहीतर बोट लागल्याच्या, पडावातून उड्या मारून उतरल्याच्या गोष्टी. ज्या बोटींनी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याची माणसं मुंबईला आणली, गिरण्यांत लावली, गणपतीला परत पोचवली, त्यांतल्या एकीवरही आज तिकीट काढून चढता येत नाही. ग्लासगोच्या कामगारांच्या सुट्टीच्या बोटींपैकी एक मात्र तिथल्या लोकांनी अजून चालती ठेवली आहे. त्यासाठी त्यांना राजा-राणीचं जहाज लागलं नाही, रोजच्या वापरातली बोट पुरली.

तुम्हाला ती बघायची असेल तर उन्हाळ्यात ती बहुतेक क्लाइडवर असते, आणि शरदात बऱ्याचदा लंडनला येते. थेम्सवर तिच्यासाठी टॉवर ब्रिज उघडतो तेव्हा पुलावर वाहनं थांबतात. वेळापत्रक दरवर्षी बदलतं, ते आधी बघून घ्या. तिकीट आधीच काढा, जूनमध्येसुद्धा स्वेटर आणि पावसाळी कोट बरोबर ठेवा. वारा वाढला की फेरी रद्द होते आणि कप्तानाशी वाद घालून उपयोग नसतो, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ही फेरी ठेवू नका. आणि चढल्यावर खुर्ची पकडायला वर धावू नका. आधी खाली जाऊन इंजिनाच्या कठड्याशी जागा धरा, किनारा नंतर दिसेलच.