पर्यावरणस्नेही रुग्णालय

रुग्णसेवेत उणीव न ठेवता वीज, पाणी व इंधन यांचा मितव्यय साधणारे आणि हवा, पाणी व माती दूषित होऊ न देणारे रुग्णालय म्हणजे पर्यावरणस्नेही रुग्णालय होय. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार जगाच्या निव्वळ हरितगृह वायू उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा सुमारे 4.4 टक्के आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. सह्याद्रीला लागून असलेल्या या अतिवृष्टीच्या तालुक्यातून कासारी पंचगंगेकडे व कडवी वारणेकडे जाते; दोहोंचे पाणी अखेर कृष्णेत मिसळते. येथील ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे यांच्या स्वच्छतेचा संबंध म्हणूनच खालच्या असंख्य गावांशी येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयीन कचऱ्यापैकी सुमारे 85 टक्के भाग सामान्य व 15 टक्के घातक असतो. दोन्ही एकत्र झाले, तर सगळाच कचरा घातक समजावा लागतो. भारतात जैववैद्यकीय कचऱ्याविषयी प्रथम 1998 मध्ये व नंतर 2016 मध्ये नियम झाले. त्यांनुसार पिवळ्या पिशवीत शरीराचे अवयव व रक्ताने माखलेला कापूस, लाल पिशवीत सलाईनच्या नळ्यांसारखे प्लास्टिक, पांढऱ्या अभेद्य डब्यात सुया व पाती, तर निळ्या डब्यात काच टाकतात. प्रक्रिया न केलेला कचरा सामान्यतः 48 तासांहून अधिक काळ साठवता येत नाही.

सामाईक प्रक्रिया केंद्र जवळ नसलेल्या दुर्गम भागात असा कचरा खोल खड्ड्यात पुरण्याची मुभा आहे. मात्र भूजलपातळी खड्ड्याच्या तळापासून किमान 6 मीटर खाली असावी लागते. भरपूर पावसाच्या प्रदेशात ही अट अत्यंत काटेकोरपणे पाळली पाहिजे.

पारा हा दुसरा घातक पदार्थ. जुन्या तापमापीत तो सुमारे 1 ग्रॅम असतो. रक्तदाबमापकात त्याच्या कितीतरी पट. पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली. अंकीय उपकरणे हा त्यावरील सोपा पर्याय आहे.

ऊर्जेच्या बाबतीत लसींची शीतसाखळी महत्त्वाची ठरते. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. बर्फाचे अस्तर असलेले शीतकपाट, म्हणजे आयएलआर, दिवसातून 8 तास वीज मिळाली तरी हे तापमान राखू शकते. छत्तीसगडमध्ये अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौरसंच बसवले आहेत. शाहूवाडीत पावसाळ्यात आकाश दीर्घकाळ ढगाळ राहते. त्यामुळे येथे सौरवीज, विद्युतघट व नेहमीची वीज यांचा मेळ घालणे योग्य होय.

पाण्याच्या दृष्टीने मात्र येथील पाऊस हे वरदान आहे. 100 चौरस मीटर छपरावर 1 मीटर पाऊस पडला की 1 लाख लिटर पाणी मिळते. ते साठवून स्वच्छतागृहे, धुलाई व बाग यांसाठी वापरता येते. सांडपाणी मात्र निर्जंतुक केल्याविना ओढ्यात सोडता कामा नये.

या सर्व उपायांत कचऱ्याचे उगमस्थानी वर्गीकरण सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक आहे. त्याला यंत्र लागत नाही, शिस्त लागते. ही शिस्त नागरिकांनीही पाळावी. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी वापरलेल्या सुया जाड, झाकणबंद डब्यात साठवाव्यात आणि त्यांच्या विल्हेवाटीबाबत जवळच्या आरोग्य केंद्रात विचारणा करावी. घरच्या कचऱ्यात त्या कधीही टाकू नयेत.