नको तो आवाज बाजूला कसा सारावा?

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छात मोठा भूकंप झाला. टेलिफोन बंद पडले. तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. अशा वेळी गावाचे नाव चुकीचे ऐकले, तर मदत भलतीकडेच जायची. म्हणून निरोप स्वच्छ ऐकू आला पाहिजे.

पण एकाच वेळी अनेक जण रेडिओवर बोलत असतात. बाजारात गलका होतो ना, तसेच हे. मग काय करावे?

आधी घरातले दिवे, मोटार, चार्जर एकेक करून बंद करा. खरखर थांबली, तर चोर घरातच सापडला!

शेजारचे स्टेशन फार जोरदार असले, तर संच त्याने गांगरतो. तेव्हा 'आरएफ गेन'चे बटण थोडे मागे फिरवा.

पुढे 'फिल्टर' पाहा. फिल्टर म्हणजे दारच म्हणा. ते अरुंद केले, की शेजारचा आवाज आत शिरत नाही. बोलण्याला सुमारे २४०० हर्ट्‌झचे दार पुरते. तारेच्या कडकट्टला ५०० हर्ट्‌झही पुरतात. मात्र दार फार आवळले, तर माणसाचे बोलणेच कळत नाही.

एखादी शिटी कानाला टोचत असेल, तर 'नॉच' हळूच फिरवा. तांदळातला खडा वेचावा, तशी ती शिटी तेवढी निघते.

एका वेळी एकच बटण फिरवा. गुण आला नाही, तर ते होते तिथे आणा. मगच दुसऱ्याला हात लावा. घाई कराल, तर निरोप हुकेल.